आत कोणी आहे का

आमच्या हॉस्पिटलच्या तळघरातल्या कॉम्प्युटर विभागात नवरा आणि मी शेजारी शेजारी बसून उमेदीची सगळी वर्षं काढली. लोक सांगायचे, नवरा-बायकोने एका ऑफिसात काम करू नये, घरची भांडणं ऑफिसात येतात. आमचं उलटं होतं. ऑफिसातली भांडणं घरी यायची, आणि तीही मशीनांवरून.

मशीनांना त्याने नावं दिली होती. पेशंटची नोंदणी ज्या सर्व्हरवर चालायची ती आत्या, कारण ती रुसली की अख्खं घर थांबतं. सगळ्यांचं सगळं पोटात साठवून ठेवणारा बॅकअपचा सर्व्हर म्हणजे मामा. एक सर्व्हर बाहेरच्या कंपनीने आणून बसवला होता. त्याला हात लावायची कोणाला परवानगी नव्हती, काम बेताचं आणि थाट मोठा. तो जावई. नवे डॉक्टर सुरुवातीला गोंधळायचे, पण महिन्याभरात तेही फोन करून विचारायचे, "आज आत्यांची तब्येत बरी नाही का?"

त्याची आणखी एक सवय होती आणि त्या सवयीवरून मी त्याच्याशी जन्मभर भांडले. कोणतंही मशीन बंद करायचं झालं की तो आधी एकेका वॉर्डला फोन लावायचा आणि विचारायचा, "आत कोणी आहे का?" न्हाणीघराचं दार वाजवावं तसं. सिस्टर हसायच्या. कोणी म्हणाली, थांबा, एका पेशंटचं औषध लिहितेय, की हा पठ्ठ्या थांबायचा. मी सांगायचे की कोण लॉगिन आहे ते स्क्रीनवर दिसतं, फोन कशाला. तो म्हणायचा, स्क्रीनवर नाव दिसतं, माणूस अर्ध्या वाक्यात आहे का ते दिसत नाही. मी तोंडाची फटकळ आणि तो शांत, त्यामुळे वाद मीच जिंकायचे आणि फोन तो करायचाच.

मग एक दिवस साहेबांनी आम्हा तिघांना वर बोलावलं. तिसरा म्हणजे नेटवर्कवाला, आमच्याहून बराच लहान, कानात सतत काहीतरी घातलेला, पण कामाला चोख. साहेब म्हणाले, सगळं क्लाउडवर जाणार, म्हणजे दूर कुठल्यातरी कंपनीच्या भाड्याच्या मशीनांवर. आत्या, मामा, जावई कोणी राहणार नाही. तळघरात वीज भरवशाची आहे, थंडावा आहे, तिथे डायलिसिसचा विभाग होईल. वर नवी टीम बसेल आणि तिच्यात जागा दोन. ट्रेनिंग तिघांनाही मिळेल, शेवटी प्रत्यक्ष परीक्षा होईल, आणि जो सगळ्यात मागे राहील त्याला हॉस्पिटल हिशेब करून निरोप देईल.

दोन जागा आणि आम्ही तिघं. नेटवर्कवाला पास होणार हे उघड होतं. म्हणजे शेजारी शेजारी बसणाऱ्या दोन माणसांतला एक घरी.

बातमी घरात पोचायच्या आत नातेवाइकांत पोचली. दिराचा फोन आला, वहिनी, क्लाउड आता जुनं झालं, एआय शिका. माझी धाकटी बहीण म्हणाली, सिक्युरिटी घ्या, चोर कधी संपत नाहीत. एका चुलतभावाने डेटाचं काहीतरी सुचवलं, जे त्याला स्वतःला काय असतं ते माहीत नव्हतं. ज्याला त्याला आमच्या आयुष्याचा रस्ता स्वच्छ दिसत होता. नवऱ्याला मी विचारलं, तुला काय शिकायचंय? तो म्हणाला, तू म्हणशील ते. मग मीच ठरवलं. आपण दोघांनी क्लाउडच शिकायचं आणि नेटवर्कवाल्याला मागे टाकायचं. आता आठवलं की वाटतं, तो "तू म्हणशील ते" म्हणाला, तेव्हा मी त्याच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही.

ट्रेनर म्हणून एक तरुण मुलगी यायची. हुशार, मनाने चांगली, कायम घाईत. पहिल्याच दिवशी तिने फळ्यावर तीन गोष्टी लिहिल्या आणि पाठ करून घेतल्या. मशीन आजारी पडलं की उपचार करत बसायचं नाही. नवं उभं करा, काम तिकडे वळवा, आजारी मशीन मारा. हॉस्पिटलात बसून हे ऐकताना आम्हा दोघांनाही कसंसंच झालं. मी गिळून टाकलं. त्याने हात वर केला.

"मारा म्हणजे?"

"टर्मिनेट करा, काका. पुसून टाका. तिथे काहीच तुटत नाही, कारण तिथे काहीच आपलं नसतं."

त्याने मान डोलावली आणि वहीत काहीच लिहिलं नाही.

घरी जेवणाच्या टेबलावर अभ्यास चालायचा. लेक आमची उजळणी घ्यायची. स्वतःच्या परीक्षांना तिने कधी आम्हाला जवळ येऊ दिलं नाही, पण आम्हाला दटावताना तिला भलताच आनंद व्हायचा. बापाला सगळं यायचं. कुठली सेवा कशासाठी, कुठला डेटा कुठे साठवायचा, धडाधड उत्तरं. मला वाटलं, जमलं. पण प्रत्यक्ष सरावाला बसलो की त्याचं घोडं एकाच ठिकाणी अडायचं. मशीन उभं करायचा, काम करून घ्यायचा आणि पुसायची वेळ आली की म्हणायचा, राहू दे, चालेल अजून. क्लाउडवरच्या मशीनला नाव नसतं, आकडे आणि अक्षरांची लांबच लांब माळ असते. त्यातल्या एकीला त्याने पाहुणी म्हणायला सुरुवात केली. मी वैतागून म्हटलं, अरे, पाहुणी आली ती जायलाच. तो म्हणाला, हो, पण तिला जा असं कोणी म्हणतं का. लेक खोखो हसली. मलाही हसू आलं, पण जीव टांगणीला लागला होता. जित्याची खोड कशी जाते ते मला माहीत होतं.

परीक्षा साहेबांच्या बैठकीच्या खोलीत झाली. ट्रेनरने एक खोटं हॉस्पिटल उभं केलं होतं, खोटे पेशंट, खोटी नोंदणी. मध्येच तिने प्रत्येकाचं एक मशीन मुद्दाम आजारी पाडलं. स्क्रीनवर लाल पट्टी आली. नेटवर्कवाल्याने मिनिटभरात नवं मशीन उभं करून जुनं मारलं. मीही ते केलं. शेजारी बघितलं तर हा त्या मशीनच्या आत शिरला होता. कुठे काय तुंबलंय ते शोधत, एकेक काम तपासत, जागा मोकळी करत. चेहऱ्यावर तळघरातली ती शांतता. बाकीचे बघतायत याचं मला भान राहिलं नाही.

"मार ना त्याला," मी पुटपुटले.

"आत कोणी आहे का ते कळत नाहीये."

"सरावाचं आहे ते. आत कोणी नाही."

"हे तुला माहीत. परीक्षा तर खरं समजून द्यायचीय ना?"

ट्रेनरने ऐकलं आणि घड्याळाकडे बघितलं. बऱ्याच वेळाने त्याच्या स्क्रीनवरची लाल पट्टी गेली आणि हिरवी आली. मशीन बरं झालं होतं. त्याने मान वर केली आणि माझ्याकडे बघून हसला. ट्रेनर येऊन त्याच्या मागे उभी राहिली. ती हळूच म्हणाली की काका, मशीन तुम्ही छान दुरुस्त केलंत, पण तेवढा वेळ नोंदणीच्या खिडकीवर माणसं ताटकळली असती. तो हसायचा थांबला. थोड्या वेळाने म्हणाला, "बरोबर आहे तुझं." आणि ते खरोखर बरोबर होतं, म्हणून तर मला रडू आलं. चूक तिची असती तर मी भांडले असते.

निरोप त्यालाच मिळाला. जाण्याआधी एक काम त्याच्याकडे राहिलं होतं, जुनी मशीनं बंद करण्याचं. सगळं वर क्लाउडवर गेलेलं, आत्यावर काही उरलेलं नाही हे शेंबड्या पोराला माहीत होतं. तरी त्याने एकेका वॉर्डला फोन लावला. या वेळी कोणी सिस्टर हसली नाही. प्रत्येकीने सांगितलं, आत कोणी नाही. मग त्याने आत्या बंद केली, मग जावई, सगळ्यात शेवटी मामा. पंखे थांबले तेव्हा मला कळलं की आम्ही इतकी वर्षं एकमेकांशी मोठ्याने का बोलत होतो.

घरी येऊन मी त्याच्यासाठी पुढचं सगळं आखून टाकलं. थोडे महिने घरी अभ्यास, पुन्हा परीक्षा, साहेबांच्या पाया पडायची वेळ आली तरी चालेल. त्याने ऐकून घेतलं आणि सांगितलं की डायलिसिस विभागात मशीनांच्या टेक्निशियनला मदतनीस हवाय, काम शिकवून घेणार आहेत, आणि तो हो म्हणून आलाय. ज्याच्या हाताखाली शिकायचं तो टेक्निशियन याच्या निम्म्या वयाचा. पगार कमी. पाण्याच्या टाक्या धुण्यापासून सुरुवात. मी नको नको ते बोलले. म्हटलं, सगळं जग वर चाललंय आणि तू त्याच तळघरात परत उतरतोयस. तो म्हणाला, "मला तेवढाच जिना पाठ आहे." पुढे कितीतरी दिवस आमच्यात मीठ संपलंय, गॅस मागवलाय, एवढंच बोलणं होतं.

वर नव्या टीमची खोली छान होती. उजेड होता, खिडकीतून झाडं दिसायची. जागा दोन, पण खुर्च्या तीन आल्या होत्या. तिसरी माझ्या शेजारी होती. नेटवर्कवाला रोज सकाळी तिच्यावर आपली बॅग टाकायचा आणि मी रोज त्याला ती उचलायला लावायचे. तो बिचारा काही न विचारता उचलायचा. मी मनाशी म्हणायचे, सहा महिने, फार तर वर्ष, मग इथे माणूस बसणार आहे.

एक दिवस दुपारी जेवायला बोलवायला म्हणून मी खाली उतरले. डबे अजून एकत्रच होते, अबोला असला तरी. खोली ओळखू येत नव्हती. भिंतींना फिका रंग, ओळीने पलंग, प्रत्येक पलंगाशी एक मशीन. आत्या असायची तिथे एक आजोबा पडले होते. एक हात नळ्यांना जोडलेला, दुसऱ्या हाताने वर्तमानपत्र धरण्याची खटपट चाललेली. त्यांचं रक्त मशीनमधून फिरून स्वच्छ होऊन परत अंगात जात होतं. मी दारातच थांबले.

तेवढ्यात त्यांच्या मशीनचा भोंगा वाजला. सिस्टर धावली. तरुण टेक्निशियन वाकून बघायला लागला. म्हणाला की मघाशी सेन्सर पुसल्यावर चाललं होतं, परत पुसून बघू. नवरा त्याच्या मागे उभा होता. मला वाटलं, आता हा स्क्रू काढणार आणि आत शिरणार. ते मशीन बरं झाल्याशिवाय हा जेवायला येत नाही.

"नको," तो म्हणाला. "दोनदा झालं. सिस्टर, आजोबांना कोपऱ्यातल्या मशीनवर घ्या. सकाळीच तयार करून ठेवलंय."

टेक्निशियनने मान डोलावली. सिस्टरने मशीनमधलं रक्त आजोबांच्या अंगात परत सोडलं, नळ्यांना चिमटे लावले, कोपऱ्यातलं मशीन ओढून आणलं, जोडलं. आजोबांनी विचारलं, काय झालं? नवरा म्हणाला, काही नाही, तुमची गाडी बदलली. मग तो बिघडलेल्या मशीनकडे वळला, प्लग काढला, त्याच्यावर लाल पाटी अडकवली आणि ते ढकलत भिंतीशी नेऊन ठेवलं. पुन्हा त्याच्याकडे बघितलंही नाही.

नवं उभं करा. काम तिकडे वळवा. आजारी मशीन मारा. दारात उभी राहून मी मनातल्या मनात ते म्हणत होते.

तो हात धुऊन बाहेर आला. व्हरांड्यात मी त्याला धरलंच. इतक्या दिवसांचं सगळं एकदम बाहेर पडलं.

"तुला येतं. तुला आधीपासून येत होतं. मग तिथे का नाही मारलंस?"

त्याने ओले हात रुमालाला पुसले.

"तिथे आत कोणी आहे का ते दिसत नव्हतं. इथे दिसतं. माणूस समोर असला की कळतं कोणाला वाचवायचं ते."

मी म्हटलं, मी आत्ता साहेबांकडे जाते, खुर्ची अजून रिकामी आहे, मी सांगते त्यांना. त्याने रुमाल घडी करून खिशात ठेवला. मग म्हणाला की वर बसलो तर मला रोज दिवसभर माणूस कल्पावा लागेल, आणि ते माझ्याच्याने होणार नाही. "तुला जमतं ते. तू चांगली आहेस त्यात. मी बघितलंय." तो कधी माझ्या कामाबद्दल एवढं सरळ बोललेला मला आठवत नाही.

तेव्हा मला कळलं की मी त्याच्या नोकरीसाठी भांडत नव्हते. त्याला नोकरी होती आणि तो तिच्यात बरा होता. मला तो शेजारी हवा होता, एवढंच. ते मी त्याला सांगितलं. तो म्हणाला, मलाही. मग आम्ही जिन्याखालच्या बाकावर बसून जेवलो आणि बऱ्याच दिवसांनी लेकीबद्दल बोललो, तिने काय शिकावं त्याबद्दल. आम्हाला दोघांनाही काही सुचलं नाही. तो म्हणाला, तिला ठरवू दे, आपण फक्त विचारत राहू. एवढ्यात आत कोणीतरी त्याला हाक मारली आणि तो डबा माझ्याकडे देऊन गेला.

मी वर आले. नेटवर्कवाला कानात घालून कामात होता. माझ्या शेजारच्या खुर्चीवर त्याची बॅग होती. मला बघून तो दचकला आणि ती उचलायला उठला. मी त्याला म्हटलं, राहू दे.