एका हाताचं काम

"गेली," कू म्हणाली.

ऐरणीच्या दगडावरून बी घरंगळत चुलीपाशी गेली होती. मी उठून आणून दिली. कूनं ती डाव्या हातानं दगडाच्या मध्यावर ठेवली, मग तोच हात बाजूला नेऊन वरचा दगड उचलला. दगड खांद्यापर्यंत गेला तोवर बी पुन्हा खाली.

"आणा."

"अगं, मी धरतो ना बी. तू नुसता घाव घाल."

"तुमचं बोट फुटलं म्हणजे घरात धड हात उरायचा कुणाचा? आणा इकडं."

चार महिन्यांपूर्वी बाजाराच्या दिवशी सकाळी माझ्या बायकोच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. पाय हळूहळू चालता झाला. वाकडं झालेलं तोंडही जागेवर आलं, जरा जास्तच आलं. उजवा हात मात्र तसाच लोंबत राहिला.

तेलमाडाचं फळ कुटून लाल तेल काढलं की मागं सुपारीएवढी टणक बी उरते. ती दगडावर फोडायची, आतला गर भाजून कढवायचा, की काळं तेल निघतं. ते सगळ्याच बायका काढतात. पण गावात मूल जन्मलं की त्याच्या अंगाला पहिलं तेल लागतं ते कूच्या घरचं. तिचा गर अख्खा निघतो, त्यात कवचाचा कचरा नसतो, म्हणून तेल कडवट होत नाही. तीस वर्षं आमच्या दारात बाळंतिणीच्या घरची माणसं वाटी घेऊन येत होती. आता चार महिन्यांत तीन बाळं झाली आणि तिन्ही वाट्या दुसरीकडं गेल्या. तिसरं बाळ झालं त्या दिवशी कूनं भांडी इतक्या जोरात आपटली की शेजारीण बघायला आली.

त्यात थोरला मुलगा सेये येऊन गेला. तो नझेरेकोरे शहरात ट्रकांचे टायर बदलतो. जाताना म्हणाला, "पंधरा दिवसांनी रविवारी येतो आणि आईला घेऊन जातो. इथं कोण करणार तिचं? तिकडं सून आहे, हातात ताट देईल."

त्याच्या बोलण्यात माया होती, मी नाही म्हणत नाही. कूला ते मूठमाती दिल्यासारखं लागलं. शहरात अंगण नाही, बिया नाहीत, कुणाच्या बाळाला तेल लावायचं नाही. खाटेवर बसायचं आणि ताटाची वाट बघायची. ती मला म्हणाली, "पंधरा दिवसांत मला बी फोडता आली नाही तर मी जाते. आली तर नाही जात. मधे तुम्ही बोलायचं नाही."

बिया फोडणं हा माझाच धंदा. फोडणं नव्हे, बघणं. गावामागच्या डोंगरावर आमच्या कुळाची देवराई आहे आणि तीत चिंपांझी राहतात. आमचे गेलेले म्हातारेकोतारे तेच, असं आम्ही धरतो. त्यांनी पपया नेल्या तरी कुणी काठी उगारत नाही. हे चिंपांझी दगडावर दगडानं बिया फोडतात. ते बघायला बाहेरची माणसं आली, अभ्यास केंद्र झालं, आणि माग काढणारा म्हणून मला घेतलं. सव्वीस वर्षं मी झावळ्यांच्या आडोशामागं बसून वहीत लिहीत आलो, कोणत्या चिंपांझीनं कोणत्या दगडावर, कोणत्या हातानं, किती घावांत बी फोडली. दगडांना रंगानं आकडे घातलेत. आधी एकवीस चिंपांझी होते, आता सात आहेत.

त्यातली सगळ्यात म्हातारी वेसी. तरुणपणी ती परगावच्या शिकाऱ्याच्या फासात अडकली होती, तेव्हापासून तिचा डावा हात निकामी आहे. ती उजव्याच हातानं बी ठेवते, उजव्याच हातानं दगड उचलते आणि फोडते.

हे कूच्याच ध्यानात आलं, माझ्या नाही. एका संध्याकाळी बी चौदाव्यांदा खाली पडल्यावर ती म्हणाली, "तुमची ती म्हातारी कशी करते हो?"

मला इतका आनंद झाला की मी जेवण अर्धं टाकून उठलो. बसून दाखवलं, पाय कुठं ठेवते, दगड किती वर उचलते, सगळं. कूनं तसं केलं. बी पडली.

"सव्वीस वर्षं बघताय," ती म्हणाली, "आणि एवढंच बघितलंत?"

मला ते झोंबलं. झोपताना विचार करकरून मी एका निष्कर्षाला आलो. वेसी नेहमी नऊ नंबरच्याच ऐरणीवर बसायची. त्या दगडाच्या मध्यावर बियांनीच पडलेला खोलगट खड्डा आहे. खड्ड्यात बी अडकते, म्हणून पडत नाही. बाकीचे कुठल्याही दगडावर फोडत, पण नऊ नंबर वेसीचा. तिच्या म्हातारपणाचा मान असेल, तो कुणी घेत नसे. म्हणजे करामत त्या दगडात होती.

केंद्राचा पहिला नियम, दगडाला हात लावायचा नाही. हा नियम नव्या पोरांना मीच शिकवायचो. मंगळवारी दुपारी डोंगरावर कुणी नव्हतं तेव्हा मी नऊ नंबर उकरून काढला. खाली दगडाची एक चपटी कपची हाताला लागली, ती मी झाडीत भिरकावली. दगड पोत्यात घालून डोक्यावर घेतला आणि कसाव्याची मुळं नेतोय असं तोंड करून गावात आलो.

कूला म्हटलं, ओढ्यात मिळाला.

तिनं दगडावरून बोट फिरवलं. "चांगला आहे." मग बसली. बी खड्ड्यात ठेवली, वरचा दगड घेतला. ऐरण एका बाजूला कलली आणि बी खाली. माती घालून बघितली, जागा बदलून बघितली. दगड डुगडुगतच राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी कूनं आपलं गाठोडं काढून शहरात न्यायच्या लुगड्यांच्या घड्या घालायला घेतल्या. एका हातानं घडी नीट बसत नव्हती. मी मदतीला गेलो तर म्हणाली, "कामावर जा."

कामावर गेलो. आडोशामागं ऊमू डॉक्टर आधीच बसल्या होत्या. केंद्राच्या प्रमुख, राजधानीच्या, वयानं माझ्या धाकट्या मुलीएवढ्या. तासाभरानं चिंपांझी आले. वेसी शेवटी आली, तोंडात बिया, मुठीत बिया. ती सरळ नऊ नंबरच्या जागेवर जाऊन बसली. खाली बघितलं. जमिनीवर हात फिरवला. पाचोळा बाजूला सारला. मग तिनं दुसऱ्या दगडावर बी ठेवली, ती पडली. पुन्हा ठेवली, पडली. सगळ्या बिया तिनं पुढ्यात ओतल्या आणि त्यांच्याकडं बघत बसून राहिली. बाकीचे सहा जण फोडून खात होते.

दुसऱ्या दिवशी तर तिनं बिया गोळाच केल्या नाहीत.

ऊमू डॉक्टर हळू आवाजात म्हणाल्या, "न्यानकाका, लिहा. वेसी, दोन दिवस, शून्य. वय झालं हो तिचं. विसरायला लागली. ही नोंद फार महत्त्वाची आहे, म्हातारपणी चिंपांझी अवजार कसं विसरतात ते कुणी फारसं पाहिलेलं नाही."

मी शून्य लिहिलं. नजर वहीतच ठेवली. त्यांना वाटलं मला वेसीचं वाईट वाटतंय.

संध्याकाळी भात ताटातच राहिला. कू माझ्याकडं बघत होती. मी सगळं सांगून टाकलं.

तिनं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "म्हणजे सासूचा पाटा चोरलात आणि आणून सुनेला दिलात."

"तुझ्यासाठीच ना!"

"माझ्यासाठी. मी फोडीन आणि ती उपाशी बसेल. ह्या घरात लग्न होऊन आले तेव्हा मला पहिलं काय सांगितलंत? डोंगरावरच्यांचं काही घ्यायचं नाही. मी एक पपई उचलली नाही इतक्या वर्षांत." तिचा आवाज फुटला. "पहाटे दगड परत ठेवायचा. मी येणार."

"तुला येता यायचं नाही. तिथं बाहेरच्या माणसाला..."

"चोरी माझ्या नावावर झालीय. मी येणार."

पहाटे निघालो. दगड माझ्या डोक्यावर, कूच्या पदरात चघळायची दोन पांढरी कोला फळं. आमच्यात माफी मागायला कोला न्यावीच लागतात. तिच्या पायानं चढ सोपा नव्हता, मी हात पुढं केला की ती झाडाला धरी. जागेवर पोचलो. मी दगड त्याच्या खळग्यात बसवला. कूनं कोला शेजारी ठेवली आणि पुटपुटली, "आजी, नवरा मूर्ख आहे माझा. राग धरू नका." मग माणसाचा आजार त्यांना लागू नये म्हणून आम्ही तोंडाला फडकी बांधून आडोशामागं बसलो.

वेसी आली. दगड बघून थांबली. कोला फळांचा वास घेतला आणि ती बाजूला सारली. दगडावर हात ठेवून दाबला, तो डुगडुगला. पुन्हा दाबला. मग उठली आणि चारी बाजूंनी पाचोळा चिवडू लागली. मला वाटलं, गेली आता. पण ती झाडीतून एक चपटा दगडाचा तुकडा घेऊन आली. मी फेकला तो नव्हे, दुसराच, लहान. ऐरण पायानं उचलून धरली आणि तो तुकडा तिच्या एका कडेखाली सरकवला. दाबून बघितलं. काढून, फिरवून पुन्हा सरकवला. दाबलं. आता ऐरण हलत नव्हती.

तेव्हा तिनं बी ठेवली. तीन घावांत फुटली.

नऊ नंबरची ऐरण इतकी वर्षं हललीच नव्हती, म्हणून तिला पाचर कुणी लावली हे बघायची वेळ माझ्यावर कधी आली नव्हती. मी घाव मोजत बसलो होतो. कूकडं बघितलं तर ती वेसीच्या चेहऱ्याकडं नाही, पायाकडं बघत होती. अंगठा ऐरणीच्या कडेला कसा रोवलेला आहे, ते. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि फडकं ओलं झालं होतं.

उतरताना म्हणाली, "चला लवकर. माझी ऐरणही कलतेय डावीकडं. मला वाटायचं माझाच हात कलतोय."

सकाळी आठ वाजता मी ऊमू डॉक्टरांच्या खोलीत गेलो. न गेलो असतो तर कुणाला कळलं नसतं. दगड जागेवर होता, वेसी फोडत होती. पण वहीत ते शून्य होतं आणि ते पुढं कुठल्या तरी पुस्तकात जाणार होतं, की वेसी विसरली. ती काही विसरली नव्हती. मी सांगितलं. कूला आडोशात बसवलं तेही सांगितलं.

त्यांनी चष्मा काढला, बराच वेळ पुसला. "काका, हे तुम्ही मला का सांगितलंत?"

"नोंद खोटी आहे, बाई."

"मला वरती कळवावं लागेल. तुम्हाला माहीत आहे पुढं काय होईल ते."

"माहीत आहे."

मग त्यांनी वेसीनं पाचर कशी लावली ते मला तीनदा विचारलं आणि भराभर लिहून घेतलं. डोळ्यांत राग होता आणि हावही होती. आडोशातला कॅमेरा त्या स्वतः असतानाच चालू करत, त्या पहाटे तो बंद होता म्हणून त्या हळहळल्या. सोमवारी पत्र आलं. वही, दुर्बीण आणि केंद्राच्या कुलपाची चावी मी टेबलावर ठेवली. दुर्बिणीचा पट्टा मानेला इतका सवयीचा होता की त्यानंतर आठ दिवस मी मान चोळत होतो. सव्वीस वर्षांचं काम एका पोत्यात गेलं, आणि मला त्याचं दुःख झालं, फार झालं. कूला ते दिसत होतंच.

रविवारी सेये मोटरसायकल घेऊन आला. मागच्या सीटवर आईसाठी उशी बांधली होती. अंगणात कू बसली होती, पायाचा अंगठा ऐरणीच्या कडेला रोवून. ऐरणीखाली खापराचा तुकडा.

"आई, तयारी झाली?"

"बस. तिकडं नको, कवचं उडतात तिकडं."

तो बसला. तिनं बी ठेवली, दगड उचलला, मारला. चुकला. पुन्हा ठेवली. दोन घाव, आणि कवच दोन बाजूंना पडलं. मधे अख्खा गर. तिनं तो उचलून सुपात टाकला. सुपात मूठभर जमले होते, तीन दिवसांचे.

सेयेनं सुपातला एक गर उचलून बघितला. "कुणी शिकवलं?"

"तुझ्या आजीनं."

तो माझ्याकडं वळला. "बाबा, तुम्ही तर रविवारीही जाता. आज कामावर नाही?"

"काढलं मला."

त्यानं कारण विचारलं, मी सांगितलं. पोरगा शहाणा आहे. उठला आणि उशी सोडून घरात नेऊन ठेवली. मग हळूच म्हणाला, "बाबा, तुम्ही तरी चला थोडे दिवस. इथं बसून काय करणार?"

कूनं मान वर न करता आपल्या शेजारची जागा पायानं झाडली. कोपऱ्यातला दुसरा ऐरणीचा दगड दाखवून म्हणाली, "तो आणा. लायबेरियाला जाणाऱ्या रस्त्यावरच्या घरात बाळ व्हायचंय ह्या आठवड्यात. मूठभर गरानं भागायचं नाही."

मी दगड आणला, तिच्या शेजारी बसलो. डाव्या हातानं बी धरली, उजव्यानं दगड उचलला. पहिल्याच घावाला बी फुटली आणि आतल्या गराचा भुगा झाला.

कूनं तो फुंकून टाकला आणि माझ्या पुढ्यात दुसरी बी ठेवली.