दोन चेहऱ्यांचा एक ठसा

मी ठसा बोलतोय. सोन्याची चकती ज्याच्यावर ठेवतात आणि वरून घण घालून नाणं पाडतात, तो खालचा ठसा. तू किती नाणी पाडलीस, असं मला आजवर पुष्कळांनी विचारलं. खरं सांगू, मला माहीत नाही. घण खाताना मोजत कोण बसतं? पण माझा गोंधळ त्याहून मोठा आहे. मी एक आहे की दोन, हेच मला नीट कळत नाही. आणि या गोंधळापायी एका माणसाचं वाटोळं झालं.

माझा जन्म थ्रेसच्या किनाऱ्यावरच्या एका ग्रीक शहरात झाला, तोही वेढा पडलेला असताना. भाडोत्री शिपायांना रोख सोनं हवं होतं. शहराने हाक दिली, तशी बायकांनी कानातली काढून दिली, म्हाताऱ्यांनी पेले आणून टाकले. घाई इतकी, की वजन करायला कुणी थांबलं नाही. सोन्याचा नुसता ढीग झाला आणि तो टाकसाळीच्या प्रमुखाच्या, दामोनच्या, हवाली झाला.

मला कोरलं म्हाताऱ्या फ्रिनिसने. काशाच्या गोळ्यात धान्याच्या देवीचा, दिमित्राचा चेहरा, उलटा आणि खोलगट. नाण्यावर तो सुलट आणि उठून दिसायचा. मला ऐरणीत बसवलं आणि दामोनचा गुलाम मानेस घण घालू लागला. वरचे ठसे माझे जोडीदार. घण थेट त्यांच्या डोक्यात बसायचा, त्यामुळे ते बिचारे फार टिकायचे नाहीत. काही जण तर नीट ओळख होण्याआधीच फुटले. मी मात्र टिकलो. का टिकलो, कुणास ठाऊक.

मग एक दिवस माझ्याही गालावर भेग पडली. नवीन ठशासाठी काशाचा तुकडा शिल्लक नव्हता. जे होतं त्याचे बाण झाले होते.

"फ्रिनिसकाका, काहीतरी कर," दामोन म्हणाला. "शिपाई दाराशी बसलेत."

फ्रिनिसने मला मांडीवर घेतलं. झिजलेलं नाक धारदार केलं, डोळा मोठा केला, आणि भेगेवरच छिन्नी चालवून तिची केसांची एक बट करून टाकली.

"देवी रागावली तर?" दामोनने विचारलं.

"बाईमाणसाला केस वाढले म्हणून राग येत नाही रे. गळायला लागले की येतो."

मानेस इतका हसला की त्याला घण खाली ठेवावा लागला. तेव्हापासून मी नाणी पाडत होतो, पण चेहरा निराळा. आरसा कसा दाखवतो तसं प्रत्येक नाणं मला दाखवायचं, की हा तू नव्हेस. मग मी कोण, हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता. पण काम इतकं होतं की पडला नाही.

वेढा उठण्याच्या थोडं आधी फ्रिनिस तापाने गेला. शिपाई आपली नाणी घेऊन जहाजात बसले आणि निघून गेले. आमच्याकडे रीत अशी, की वापरून संपलेला ठसा फेकायचा नाही, देवळात देवीच्या पेटीत ठेवायचा. दामोनने मला स्वतः नेऊन ठेवलं. मला वाटलं, आता सुखाने पडून राहायचं.

पण आमची आणखी एक रीत आहे. कारभार संपला की अधिकाऱ्याने लोकांपुढे उभं राहून हिशेबाचा झाडा द्यायचा. दामोनचा झाडा घ्यायला उभा राहिला खारिनोस, तेलाचा व्यापारी. माणूस वाईट नव्हता. त्याच्या बायकोने लग्नातली कडी त्या ढिगात टाकली होती आणि त्यांचं पुढे काय झालं, हे त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. सोनं कुणी तोललेलं नव्हतं, नाणी समुद्रापार गेली होती. उरले होते फक्त ठसे. तेव्हा ठशांवरूनच नाण्यांचा अंदाज बांधावा, असं त्याच्या डोक्यात आलं.

त्याने बाजारातून काही नाणी मिळवली आणि पंचांपुढे मांडली. "बघा. या नाण्यांवरच्या देवीला बट नाही. या नाण्यांवरच्या देवीला बट आहे. नाकही वेगळं. म्हणजे खालचे ठसे दोन. देवीच्या पेटीत किती निघाले? एक. मग दुसरा कुठे आहे, दामोन? आणि दोन ठशांची नाणी म्हणजे सोनंही दुप्पट. शिपायांना तर ठरलेल्या पगाराइतकं, म्हणजे त्याच्या निम्मंच मिळालं. बाकीचं कोणाच्या अंगणात पुरलंय?"

"दोन्ही चेहरे याच ठशाचे आहेत," दामोन म्हणाला. "फ्रिनिसने तो पुन्हा कोरला."

"मेलेला साक्षीदार बरा सापडला तुला," मागून कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले.

मला हातोहात फिरवलं गेलं. अंजिराने चिकट झालेला एक अंगठा माझ्या नाकावरून फिरला. सगळे माझ्यात पहिला चेहरा शोधत होते. तो तर खरवडला गेला होता. नसलेली गोष्ट मी दाखवणार कशी? आणि खारिनोस इतकं पटेल असं बोलत होता की क्षणभर मलाही वाटलं, खरंच मला एक भाऊ असावा.

पाहिलेलं सांगणारा आता एकच उरला होता, मानेस. पण तो गुलाम. आणि गुलामाची साक्ष आमच्याकडे छळ करून घेतली तरच खरी धरतात. नुसता बोलला तर खोटं आणि किंचाळून बोलला तर खरं, हे कसं, ते मला आजही उमगलेलं नाही.

"मानेसला आमच्या ताब्यात दे," खारिनोस म्हणाला. "चाकावर बांधू. मग काय म्हणतो ते ऐकू."

मी दामोन आणि मानेसच्या मधल्या मेजावर होतो, म्हणून मानेसची कुजबुज मला ऐकू आली. "धनी, द्या मला. तसंही मी तेच सांगणार आहे. ओरडत सांगेन, इतकंच."

"खांदे निखळले की घण कसा उचलशील?"

"घण उचलायला टाकसाळ कुठे राहतेय आता?"

"गप्प बस, मानेस."

दामोनने वर पाहिलं आणि मोठ्याने सांगितलं, "देणार नाही."

मानेसच्या तोंडून खरं बाहेर पडेल म्हणून हा घाबरला, असंच सगळ्यांनी धरलं. पंचांनी मतं टाकली. दामोनचं घर जप्त झालं आणि त्याला शहराबाहेर काढलं. मला परत पेटीत ठेवताना देवळातली पुजारीण सांगत होती, अंगण खूप खोल खणलं, पण ना सोनं सापडलं, ना ठसा. तेव्हा लोक म्हणाले, बघा, किती पक्का चोर.

दामोन, त्याची बायको आणि मानेस सकाळी एक गाढव घेऊन गेले. ते कुठे पोचले, मला ठाऊक नाही. मला फार वाईट वाटलं आणि अजूनही वाटतं.

मग शहर पडलं, देऊळ पडलं, मी मातीखाली गेलो. आता मी संग्रहालयात काचेच्या पेटीत आहे. इथे एव्दोकिया नावाच्या बाई काम करतात. हुशार आहेत, प्रेमळही आहेत. त्यांनी माझी नाणी देशोदेशींहून शोधली, एकेक चेहरा ताडून पाहिला आणि एके दिवशी कॉफी पिताना सोबत्याला म्हणाल्या, "लेफ्तेरिस, खालचे ठसे दोन आहेत रे. म्हणजे शहराने सोनं दुप्पट पाडलं. पण दुसरा ठसा गेला कुठे?"

लेफ्तेरिसने तीळ लावलेलं पावाचं कडं कॉफीत बुडवलं. "टाकसाळीतल्याच कुणीतरी लांबवला असेल. चालायचंच."

दोघं हसली. मी काचेआड पडलेलो.

बाई, तुमच्या आकड्यांशी माझं भांडण नाही. मी किती नाणी पाडली, हे मी आजही सांगू शकत नाही. पण एकदा मला बाहेर काढा, उजेडात तिरका धरा आणि त्या बटेच्या तळाशी राहिलेली जुनी भेग बघा. तुमचा अंदाज निम्म्यावर येईल आणि पुन्हा सगळं मांडावं लागेल, हे मला कळतं. तरी बघा. दामोनला आता घर परत मिळणार नाही, पण त्याला चोर म्हणणारं आज तुम्हा दोघांशिवाय जगात कुणी उरलेलं नाही.