टिकली नसलेलं दुकान

नदीकाठच्या हॅडन फेरी गावात चांगली बातमी फोनवर येते आणि वाईट बातमी चालत येते. म्हणून ऑक्टोबरातल्या त्या सकाळी औषधांच्या दुकानाचा वेंडेल कोट न घालताच टेकडी चढून येताना दिसला, तेव्हाच डेल्बर्ट हास्कँपनं हातातलं फडकं खाली ठेवलं. वेंडेलचे गुडघे अधू. तो टेकडी कधी चढत नसे.

"डेल्बर्ट," पायरीशी थांबून तो म्हणाला, "आत चल. बसू या जरा."

"इथंच सांग."

"लोरीन गेली रे. दुकानातच. आर्लीन पडद्यांचं कापड घ्यायला गेली, तर ही कापायच्या टेबलापाशी खुर्चीत बसलेली. आर्लीनला वाटलं, डुलकी लागलीय."

"दुकानात डुलकी लागत नाही तिला," डेल्बर्ट म्हणाला. लोरीन त्याची बायको; खाली गावातलं कापडाचं दुकान तिचं.

मग जेवणाची भांडी येऊ लागली. पडवीत कुणीतरी भांडं ठेवून जायचं, तळाला नावाची चिकटपट्टी, म्हणजे धुऊन कुणाला परत करायचं ते कळावं. नूडल्स घातलेली कोंबडी, बटाट्याचा लगदा, साखर-सायीची गोड पेस्ट्री. डेल्बर्ट खायचा, भांडी धुवायचा, पोचती करायचा. नदीवरून धुकं वर चढायचं आणि दुपारपर्यंत घराभोवती बसून राहायचं. त्या धुक्यात त्याला कधी कधी वाटे की आपणच गेलोय आणि लोरीन खाली गावात नेहमीसारखी कापड मोजतेय. हे वाटणं त्याला वाईट वाटत नसे. दुकानाचा पडदा वेंडेलनं खाली ओढून किल्ली आणून दिली होती. तिला डेल्बर्टनं हात लावला नाही.

वसंतात विद्यार्थी आले.

त्यांना बोलावलं होतं लोरीननंच. ती गावाच्या मंडळावर होती. राज्याच्या विद्यापीठात इमारती आणि गावं आखायला शिकणारी मुलं दर वसंतात एखाद्या लहान गावात येऊन राहतात, लोकांना काय हवं ते विचारतात आणि गाव पुढं कसं असावं याची चित्रं काढून देतात. लोरीननं त्यांच्यामागं लागून हॅडन फेरीचा नंबर लावला होता. वर दोन मुलांची सोय आपल्याच घरी होईल असंही कळवून टाकलं होतं. मेलेल्या बाईनं दिलेलं आमंत्रण मागं घ्यायला गावात कुणाची जीभ रेटली नाही. डेल्बर्टचीही नाही. त्यानं वरच्या खोलीत चादरी घातल्या.

मारिसेला किंतेरो नावाची बुटकी, भरभर बोलणारी मुलगी आणि टोबिन नावाचा उंच, जवळजवळ न बोलणारा मुलगा, असे दोघे आले. पहिल्या सकाळी अंडी आणि टोस्ट समोर ठेवून डेल्बर्ट म्हणाला, "मला एवढंच येतं."

"मिस्टर हास्कँप, आमच्या वसतिगृहात एवढंही मिळत नाही," मारिसेला म्हणाली. टोबिननं नुसती मान हलवली आणि ताटली पुढं केली.

त्या शनिवारी अग्निशमन केंद्रात सगळं गाव जमलं. बंब बाहेर काढून आत टेबलं जोडली होती आणि त्यांवर गावाचा मोठा नकाशा पसरला होता. प्रत्येकाला गोल टिकल्या दिल्या. जे राहायलाच हवं त्यावर हिरवी टिकली, जे गेलं तरी चालेल त्यावर लाल.

"माझ्या नवऱ्यावर लाल लावली तर चालेल का?" आर्लीननं विचारलं.

"तो नकाशावर कुठाय?" वेंडेल म्हणाला.

"त्या खुर्चीवर बसलाय बघ. तिथनं हलतच नाही, म्हणजे इमारतच झाली ना ती."

केंद्रभर हशा झाला. टिकल्या पडू लागल्या. चर्चवर हिरव्या, बँडच्या चौथऱ्यावर हिरव्या, बंद पडलेल्या बटणांच्या कारखान्यावर लाल, नाक्यावरच्या पेट्रोलपंपावर दोन्ही. डेल्बर्ट टिकल्या तळहातावर घेऊन मुख्य रस्त्याच्या ओळीपाशी उभा राहिला. लोरीनचं दुकान नकाशावर बोटाच्या पेराएवढं होतं, मागं लगेच नदी. त्याचा हात पुढं गेला नाही. आपल्याच वस्तूला आपणच चांगलं म्हणायचं, हे हॅडन फेरीत कुणी करत नाही. त्यानं एक हिरवी टिकली न्हाव्याच्या दुकानावर लावली, दुसरी धक्क्याजवळच्या भल्या थोरल्या सायकॅमोर झाडावर, आणि घरी गेला.

पुढचे काही दिवस मुलं गावात हिंडत होती. कुठं रुंदी मोजत, कुठं पायरीवर बसून चित्र काढत. सकाळच्या धुक्यात ती दिसायची नाहीत, फक्त बोलणं ऐकू यायचं, जणू गावच आपल्याबद्दल हळू आवाजात काही ठरवत होतं. मग एका दुपारी त्यांनी वाचनालयाच्या काचांवर चित्रं लावली.

डेल्बर्ट गर्दी ओसरल्यावर गेला. चित्रं सुंदर होती. गाव तेच, पण झोपेत बघावं तसं. मुख्य रस्त्यावर झाडं होती. रस्त्याच्या मधोमध इमारतींच्या ओळीत एक हिरवी फट होती आणि त्या फटीतून नदी चकाकत होती. फटीत माणसं चालत होती. ही मुलं चित्रात माणसं काढतात ती आरपार दिसणारी, नुसत्या फिकट रंगाची असतात. एका बाईच्या हातात पिशवी होती, तिला तोंडच नव्हतं. डेल्बर्ट तिच्याकडं बघत राहिला. मग त्याला कळलं की ती हिरवी फट म्हणजे लोरीनचं दुकान आहे.

दुकान नव्हतंच. तिथं गवत होतं.

मारिसेला मागं येऊन उभी होती. "कसं वाटलं, मिस्टर हास्कँप?"

"छान काढलंय," तो म्हणाला.

"खरंच?"

"वेगळंच आहे."

ती खूश झाली. ती शहरातली मुलगी. तिला कुठून कळणार, की या गावात माणूस "छान काढलंय, वेगळंच आहे" म्हणाला की त्याच्या आत काहीतरी मोडलेलं असतं.

त्या संध्याकाळी डेल्बर्टनं अंडी करपवली. मुलांनी ती तशीच खाल्ली. सबंध गावातून एकालाही ते दुकान हवंसं वाटलं नाही, एवढीच गोष्ट त्याच्या डोक्यात होती. नवरीचे पोशाख, बाळांची दुपटी, शाळेच्या नाटकातले पंख, सगळं तिच्याकडच्याच कापडाचं. आणि एक हिरवी टिकली नाही.

दुसऱ्या दिवशी तो कॅफेत वेंडेलसमोर जाऊन बसला आणि कॉफीही न मागवता म्हणाला, "तू कुठं लावल्यास टिकल्या?"

"चर्च, चौथरा. का?"

"काही नाही."

वेंडेलनं चमचा खाली ठेवला. "चित्र बघितलंस तर तू."

"तुम्हा कुणालाच ते नको होतं, तर तसं सांगायचं होतं."

"ए मूर्खा," वेंडेल म्हणाला. आवाज मोठा झाला म्हणून शेजारच्या टेबलावरची आर्लीन वळून बघू लागली. "तुझ्या बायकोच्या दुकानावर टिकली आम्ही लावायची? हिरवी लावली तर तू म्हणशील, माझ्या दुःखावर मत देतायत. लाल तर सोडूनच दे. तुझं आहे ते. सगळे बघत होते तू काय लावतोस. तू लावली न्हाव्यावर!"

"मी माझ्याच दुकानावर कशी लावू?"

"तेच ना. मग आम्ही कशी लावणार?"

"मी तर त्या बाजूला गेलेच नाही टेबलाच्या," आर्लीन म्हणाली. "अंगावर काटा आला मला. शवपेटीला हात लावल्यासारखं वाटलं."

डेल्बर्टला हसू आलं, लोरीन गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि ते लगेच डोळ्यांत उतरलं. त्यानं कागदी रुमाल ओढला. "या पोरांनी काय करावं मग," तो म्हणाला. "त्यांना मोकळी जागा दिसली. त्यांनी गवत लावलं."

घरी आल्यावर त्यानं मारिसेलाला ते जमेल तसं सांगितलं. ती ऐकता ऐकता खुर्चीत खाली खाली सरकत गेली.

"म्हणजे ज्याच्यावर काहीच नाही, तेच सगळ्यांना सगळ्यात जास्त..." ती थांबली. "आम्हाला शिकवलंय, टिकली नाही म्हणजे कुणाला पर्वा नाही."

"इथं उलटं असतं."

"पण मिस्टर हास्कँप, तुम्ही तर छान म्हणालात!"

"हो ना. म्हणालो खरा."

टोबिन बशी पुसत होता. तो म्हणाला, "दुकान बघता येईल का?" डेल्बर्टनं त्याला इतकं सलग बोलताना पहिल्यांदाच ऐकलं.

किल्ली कुलपात सहज फिरली. आत कापडाचा, कांजीचा वास तसाच होता. तागे भिंतीभर उभे होते. खुर्ची टेबलापाशी होती. डेल्बर्ट दारातच थांबला. पोरं आत गेली, पण हळू, चर्चमध्ये जावं तशी. मागच्या भिंतीला एकच छोटी खिडकी होती, पेट्यांनी झाकलेली. टोबिननं पेट्या हलवल्या. खिडकीबाहेर नदी होती, अगदी हाताशी. एवढी वर्षं डेल्बर्टनं ती या जागेतून बघितली नव्हती. लोरीनला पेट्या ठेवायला जागा हवी होती आणि नदी काय, सगळीकडून दिसतेच.

मारिसेला आणि टोबिन एकमेकांशी कुजबुजले. मग तिनं विचारलं, "काळं जाड कापड आहे का? आम्हाला एक करून बघायचंय. कापणार नाही. नुसतं लावू."

"ताग्यासकट लावा," डेल्बर्ट म्हणाला.

त्यांनी पुढची काच काळ्या कापडानं झाकली, खिडकीही झाकली आणि तिच्यावर पुठ्ठ्यात एक लहान भोक ठेवलं. भोकाच्या समोर वरपासून खालपर्यंत पांढरी चादर सोडली. अंधार झाला. डेल्बर्ट तागे चाचपत खुर्चीपर्यंत गेला आणि बसला. आधी काही दिसेना. मग भोकातून आलेल्या उजेडात चादरीवर काहीतरी हलायला लागलं.

नदी होती. उलटी. पाणी वर, आभाळ खाली, पलीकडच्या तीरावरच्या केंटकीच्या टेकड्या छतापासून लोंबत होत्या. पाणी वाहत होतं, ऊन त्याच्यावर चमकत होतं, आणि ते सगळं चादरीच्या कडेवरून ताग्यांवर सांडत होतं. निळ्या फुलांच्या कापडावरून नदी गेली, लोकरीवरून गेली. एक बगळा पाय वर करून उडत गेला. डेल्बर्टला वाटलं, हे लोरीनला दिसत असावं, तिच्या बाजूनं, सरळ.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळं गाव रांगेनं दुकानात आलं. थोडे थोडे आत जात, ताग्यांमधल्या जागेत बसत आणि अंधारात बोलत. तेवढ्यात कोळशाचा तराफा गेला. नदीत तो प्रवाहाबरोबर खाली चालला होता, चादरीवर मात्र उलटा, वरच्या अंगाला.

"बघा, कोळसा परत खाणीत चालला," वेंडेल म्हणाला.

"जाऊ दे बापड्याला," आर्लीन म्हणाली. मग आवाज बदलून, "डेल्बर्ट, माझ्या लग्नातली डोक्यावरची जाळीची ओढणी इथलीच. तो वरचा तागा, त्यातली."

"माझ्या पोरीचा बाप्तिस्म्याचा झगा," अंधारातून दुसरं कुणी म्हणालं. मग तिसरं. टिकल्या न लावलेली माणसं एकेक करून बोलू लागली. इथं कुणाचं तोंड दिसत नव्हतं, म्हणून बोलता येत होतं. डेल्बर्ट खुर्चीत बसून ऐकत होता आणि नदी त्याच्या मांडीवरून वाहत होती.

बाहेर आल्यावर उन्हानं डोळे दिपले. मारिसेला वही न काढता उभी होती, हात खिशात. "आम्ही ती गवताची फट काढून टाकू," ती म्हणाली. "दुकान जसंच्या तसं ठेवू चित्रात."

डेल्बर्टनं मागं बघितलं. लोक अजून आत जात होते, बाहेर येत होते. पुढून आत, पुढूनच बाहेर, दारात एकमेकांना धक्के.

"नको," तो म्हणाला. "लोकांना नदीपर्यंत जाऊ दे. छप्पर राहू दे, दोन्हीकडच्या भिंती राहू देत, तागे भिंतींना राहू देत. मागची भिंत काढा. पुढून यावं आणि मागून नदीवर निघावं, तिच्या दुकानातून."

"नक्की?"

"नाही," डेल्बर्ट म्हणाला. "पण काढा चित्रात."

मुलांनी काढलं. या वेळी डेल्बर्टनं जवळ जाऊन बघितलं आणि सांगितलं की खुर्ची टेबलाच्या उजव्या बाजूला असते. टोबिननं ती उजवीकडं काढली. गावाच्या मंडळानं चित्र एकमतानं मान्य केलं आणि लोरीनच्या रिकाम्या जागेवर आर्लीनला घेतलं. उन्हाळ्याच्या तोंडावर मुलांची गाडी गेली. जाताना मारिसेलानं डेल्बर्टला मिठी मारली आणि त्यानं तिला वाटेत खायला हॅमचं सँडविच दिलं, थोडं करपलेलं.

चित्र आता मंडळाच्या खोलीत आहे. काळं कापड उतरवून परत ताग्याला गुंडाळलंय. दुकान उघडं असतं, डेल्बर्ट दुपारी तिथं जाऊन बसतो, कुणी आलं तर कापड दाखवतो, पण कात्री त्यानं अजून धरलेली नाही. मागच्या भिंतीवर टोबिननं खडूनं दाराची रेघ मारून ठेवली आहे. ती फोडायला गवंडी दोनदा विचारून गेला. भिंत अजून फोडायची आहे.