मंडणगडला पोचायचंय

मी एक बूट. धावायचा. जोडीतला उजवा. डावा कायम माझ्या शेजारी असतो, पण तो अबोल आहे, म्हणून आमच्या दोघांच्या वतीने मीच बोलतो. बुटालाही जीभ असते, नाडीखालची ती मऊ पट्टी. पण तिच्यातून आवाज फुटत नाही, हे माझं सगळ्यात मोठं दुःख.

जन्माचं मला फारसं आठवत नाही. डिंकाचा वास आणि खोक्यातला अंधार, एवढंच. उजेड पाहिला तो ठाण्यातल्या एका दुकानात. यज्ञेशने आम्हाला पायांत घातलं आणि फरशीवर दोन उड्या मारून पाहिल्या. त्याची बायको मनस्विनी बाकावर बसून हसत होती.

"हेच घे. निळे, नारिंगी पट्टीचे. लांबून ओळखू तरी येशील."

यज्ञेश रुग्णालयांमधली एक्स-रे यंत्रं दुरुस्त करायचा. कोकणातला सगळा टापू त्याच्याकडे. महिन्यातले निम्मे दिवस फिरतीवर. अवजारांच्या पेटीशेजारी, एका जुन्या पिशवीत, आम्हीही फिरायचो. फिरतीवरच्या माणसाचं स्वतःचं असं काही राहत नाही. जेवण दुसऱ्याच्या वेळेला, झोप लॉजच्या गादीवर आणि फोनवर सतत कोणीतरी घाई करणारं. पहाटेचा तेवढा तास यज्ञेशचा असायचा. झोपण्याआधी तो आम्हाला दाराकडे तोंड करून ठेवायचा आणि गजर व्हायच्या आत उठायचा.

मला गावं तळातून कळतात. चिपळूणचा ओला डांबरी रस्ता, गुहागरची भुसभुशीत वाळू, मंडणगडचे चढ, तांबड्या चिऱ्यांच्या पायवाटा. पण यज्ञेशचा जीव होता रत्नागिरीवर. गावातल्या लॉजवरून निघायचं, भाट्याचा पूल ओलांडायचा आणि सुरूच्या बनाच्या कडेने ओल्या वाळूवर उतरायचं. तिथे त्याचा पाय असा पडायचा, की मला माझं वजन विसरायला व्हायचं.

त्या शेवटच्या सकाळी नाड्या बांधून झाल्यावरही तो पलंगावर बसून राहिला. धावायच्या आधीच त्याचा तळवा ओला झाला होता. असा घाम मी पूर्वी अनुभवला नव्हता. तो डावा दंड चोळत होता. मग "चला" असं स्वतःशीच म्हणाला आणि उठला.

पुलावर तो नेहमीपेक्षा हळू होता. वाळूत उतरला, थोडा धावला, मग चालू लागला, मग बसला. मग आडवा झाला. पाणी जवळच होतं. दोन ओले, खरखरीत हात माझ्या नाड्यांशी आले. त्यांनी मला पायातून काढलं, मोजा आत कोंबला, डाव्याशी माझी नाडी बांधली आणि आम्हाला लांब नेऊन सुरूच्या झाडाखाली ठेवलं. तिथून पुढचं मला दिसलं नाही.

घरी पोचलो ते प्लॅस्टिकच्या पिशवीतून. रुग्णालयाच्या कागदावर हृदय बंद पडल्याचं आलं होतं. पण बातमी दुसरीच पसरली होती. यज्ञेश लाटांमध्ये अनवाणी सापडला. त्याचे बूट मात्र लांब, कोरड्या जागी, शेजारी शेजारी, मोजे आत घालून, नाड्या बांधून ठेवलेले.

"असे बूट कोण काढून ठेवतं?" दिवसकार्याच्या वेळी एक नातेवाईक दबक्या आवाजात म्हणाला. "ज्याला परत घालायचे नसतात तोच." आणि मग सगळ्यांच्या नजरा स्वयंपाकघराच्या दाराकडे वळल्या. तिथे मनस्विनी उभी होती.

कोणी तिला तोंडावर विचारलं नाही, आणि तेच वाईट होतं. घरात काही बिनसलं होतं का, त्याला कसला ताण होता का, हे प्रश्न तीच स्वतःला विचारत राहिली. घरात कोणी नसलं की ती पिशवी उघडायची, आमची ती गाठ सोडवायची आणि पुन्हा तशीच बांधून बघायची. त्याच्या हातची गाठ अशी होती का, हे तिला आठवून बघायचं असायचं. मला एवढं ठाऊक होतं. ती गाठ त्याची नव्हती. पण सांगणार कसं?

यज्ञेशचा धाकटा भाऊ वेद शीतगृहांची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत होता. रत्नागिरीचं काम तो दर वेळी दुसऱ्याच्या गळ्यात घालायचा. एकदा ते टळेना. मिरकरवाडा बंदरावर मासळीच्या शीतगृहाचं काम निघालं. मनस्विनीने पिशवी त्याच्या हातात दिली.

"हे ने. पुलावरून खाडीत सोड. माझ्याच्याने घरात ठेववत नाहीत आता, वेद. हे बघत असतात माझ्याकडे."

दुसऱ्या सकाळी कामावर जायच्या आधी वेद पिशवी घेऊन भाट्याच्या पुलावर उभा राहिला. माझा शेवट आला असं मी धरून चाललो. पण नेमकी खालून एक होडी चालली होती. ती जाईपर्यंत त्याने सहज पिशवीत हात घातला. बोटं माझ्या आत गेली, तळाच्या खळग्यात. यज्ञेशच्या अंगठ्याने, टाचेने पाडलेल्या त्या जागा. वेदचा हात तिथेच थांबला. होडी गेली, तरी तो उभाच. मग तो पूल उतरून वाळूकडे गेला, चपला काढल्या आणि आम्हाला पायांत घातलं.

"एकदाच, दादा," तो पुटपुटला.

त्याला धावायची सवय नव्हती. पण पाय बरोबर त्या खळग्यांत बसला आणि मला क्षणभर कळेना, आत कोण आहे. वेदलाही कळत नसावं. धावता धावता त्याने दोनदा मागे वळून पाहिलं. वाळूवर त्याच्याखेरीज कोणी नव्हतं.

खाडीच्या तोंडाशी एक म्हातारी ओहोटीच्या वाळूतून मुळे काढत होती. त्या शिंपल्यांची टोपली बाजूला होती. तिने मान वर केली, आमच्याकडे पाहिलं आणि हातातलं खुरपं तसंच वाळूत सोडून उठली.

"बाबा, हे बूट तुम्हाला कुठं गावले?"

"माझ्या भावाचे आहेत," वेद धापा टाकत म्हणाला.

ती खाली बसली आणि माझ्या नाडीला हात लावला. तिचे हात मी ओळखले.

तिचं नाव कमळा. "तो धावता धावता बसला, मग आडवा झाला," ती म्हणाली. "मी गेले तर पाय बर्फासारखे. म्हणून बूट काढले न् तळवे चोळीत बसले. भरती लागलेली. बूट व्हावून गेले असते, नवे दिसत होते. मोजे आत घातले, नाड्या बांधल्या, सुकीवर नेऊन ठेवले. म्हटलं, उठेल तेव्हा शोधायला नकोत त्याला."

वेद तिच्यासमोर वाळूत बसला. "बूट तुम्ही ठेवलेत?"

"मग कोण ठेवणार?"

"तो काही बोलला?"

"बोलला तर. 'मावशी, जरा उठवा मला, मंडणगडला पोचायचंय,' म्हटलंन. 'तिथं मशीन बंद पडलंय, लोक बसून राहतील,' म्हटलंन. मी म्हटलं, जाशील रे, जरा पड. त्याला ओढायची माझ्यात ताकद नव्हती, मग रस्त्यावर धावले गाडी बघायला. लवकर कोणी थांबेना. परत आले तर पाणी त्याच्यापर्यंत आलेलं न् माणसं जमलेली."

"तुम्ही हे कोणाला सांगितलं नाहीत?"

"सांगत होते की. गर्दीत म्हातारीचं कोण ऐकतंय? मला वाटायचं, त्याचं कोणीतरी विचारायला येईल." तिने पदराने तोंड पुसलं. "इथं वाकले की अजून ऐकू येतं मला. 'मावशी, उठवा.'"

वेदने तिथूनच मनस्विनीला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"मंडणगडला?" तिने विचारलं.

"हो वहिनी. निघायच्या घाईत होता तो."

मग तिचं रडणं ऐकू आलं. यज्ञेश गेल्यापासूनचं ते पहिलंच असावं. घरात एवढे महिने मी कपाटात होतो, पण असं कधी ऐकलं नव्हतं. सावरल्यावर तिने एकच विचारलं, "त्यांना विचार ना, त्याचे पाय गरम झाले होते का शेवटी?"

कमळाने हात लुगड्याला पुसून फोन घेतला. "झाले होते गो बाय," ती म्हणाली. "माझ्या हातात झाले होते."

खरं का खोटं, मला ठाऊक नाही. मी तेव्हा झाडाखाली होतो.

खाडीत काही मी गेलो नाही. नातेवाइकांची कुजबुज अजून पुरती थांबलेली नाही, पण मनस्विनी आता त्यांच्यासमोर मान वर करून बसते. वेद फिरतीवर आम्हाला नेतो. माझा तळ झिजलाय, पुढचं रबर सुटायला आलंय, फार दिवस उरले नाहीत. काही सकाळी वेदच्या पावलात मध्येच दुसरंच पाऊल पडतं, जुनं, हलकं. तोही दचकून थांबतो. आम्ही दोघं त्याबद्दल कोणाशी बोलत नाही.

पण एक गोष्ट कमळालाही माहीत नाही, मनस्विनीलाही नाही. धावायच्या आधीच ओला झालेला तो तळवा फक्त मला ठाऊक आहे. म्हणून माझ्यासारख्यांना पिशवीत घालून गावोगाव फिरणाऱ्यांना माझं हात जोडून सांगणं आहे. अंगाने नाही म्हटलं, तर त्या दिवशी आम्हाला पलंगाखाली राहू द्या. काम थांबेल. थांबू द्या.

वेद हल्ली कुठल्याही गावी धावून आला, की अंघोळीआधी फोन लावतो. "वहिनी, परत आलो." ती "बरं" म्हणते. आणि मग काहीच न बोलता, त्याचा श्वास खाली बसेपर्यंत, फोन कानाला धरून ठेवते.