बारा शब्दांचा डबा

लोह्याचा भुजंग स्वच्छतेचा इतका वेडा, की एसटीत बसण्याआधी रुमालानं सीट पुसायचा आणि मग तो रुमालही खिडकीतून फेकून द्यायचा. तोच भुजंग अहमदपुरात किशनरावांच्या पिकदाणीपुढं उकिडवा बसला, तेव्हा बघणारे चाट पडले.

झालं होतं असं. त्याचे क्रिप्टोतले पैसे एवढे फुगले होते, की अख्खा लोहा तालुका विकत घेऊन वर सुट्टे परत मागता आले असते. हे त्याचंच म्हणणं. फोन हरवला तर नव्या फोनात बारा इंग्रजी शब्द टाकायचे, तरच ते हाती येणार. "फोटो काढू नको, कागदाला वाळवी लागते, पोलादावर कोर," असं क्रिप्टो शिकवणाऱ्यानं बजावलेलं. पोलाद म्हटल्यावर भुजंगाला भांड्याचं दुकान आठवलं. दुकानदार ताहेरभाईंना इंग्रजी वाचता येत नाही याची खात्री करून त्यानं स्टीलच्या डब्यावर बाराही शब्द कोरून घेतले आणि डबा फडताळात दडवला. बायकोलाही सांगितलं नाही.

मग फोन विहिरीत पडला. फडताळात बघतो तर डबा नाही.

"वर्षाराणीच्या लग्नात आहेर केला की," बायको धोंडाबाई म्हणाली. "नवाच तर हुता."

वर्षाराणी तिची भाची, किशनराव भाचीचे सासरे. त्यांनी तीन महिन्यांत डब्याची पिकदाणी केली होती. आतबाहेर तंबाखूचा लालकाळा थर. वास असा, की माश्यासुद्धा वळसा घालून जात होत्या.

"पावणं, दुसरा घ्या, ह्यो मला द्या."

"याचं तोंड रुंद हाय. नेम चुकत न्हाई," म्हणत किशनराव थुंकले. एक शिंतोडा भुजंगाच्या मनगटावर आला.

"मग निदान धुऊन तरी देतो."

"धुवा की. सुनंला सांगून दमलो मी."

भुजंगानं श्वास कोंडून राखेनं घासलं, मग नखानं खरवडलं. थर सुटला, अक्षरं दिसली. मराठी होती. 'चि. सौ. कां. वर्षाराणीस सप्रेम भेट. श्री. भुजंगराव, लोहा.'

"आधीचं इंग्रजी मावशीनं ताहेरभाईंकडून घासून काढलं," पाणी ओतता ओतता वर्षाराणी म्हणाली. "असलं गिचमिड घेऊन आहेर कसा करावा म्हणली. पण काका, नाव तुमचंच घातलं बघा, सोताचं न्हाई."

"झालं का?" किशनरावांनी डबा ओढून घेतला. "आता कसं लख्ख दिसायलंय."

त्यांनी नेम धरला. यावेळी मात्र चुकला. काठावरून ओघळ निघाला आणि सावकाश भुजंगरावांच्या नावावर उतरला.