सात खांद्यांची वाट

“सात खांदे.”

मनोजची बोटं कीबोर्डवरच थांबली. “मावशी, मिनिटं सांग. आजारी माणूस वाडीतून गाडीरस्त्याला आणायला किती मिनिटं लागतात, असं विचारलंय.”

“मंग तेच सांगते ना. सात खांदे.” ठमी पंचायतीच्या थंड फरशीवर पाय पसरून बसली होती. बिबवाडीहून चालत आल्यावर ती खुर्चीवर बसत नसे. खुर्चीत पाय लोंबकळतात आणि जास्त दुखतात, असं तिचं म्हणणं.

बिबवाडीत अंतर खांद्यांत मोजतात. आजारी माणसाला घोंगडीच्या झोळीत घालायचं, झोळी बांबूला बांधायची, दोघांनी उचलायची. दोघं मोकळे मागून चालतात. उचललेल्यांचा खांदा बधिर झाला की मागचे पुढे येतात. झाला एक खांदा. असे सात बदलले की खाली ओढ्यावरचा साकव येतो, आणि साकवाच्या गावाकडच्या टोकाला सरकारी रस्ता संपतो. रस्ता तिथेच का संपला, याबद्दल ठमीचा नवरा पोशा सांगायचा की ठेकेदाराने वर पाहिलं, त्याला चक्कर आली, आणि त्यालाच झोळीत घालून खाली न्यावं लागलं. “जाताना येक शेर होता, खाली पोचंपर्यंत तीन मण भरला. भेव लई जड आसतं.” पोशाचं असलं काही खरं धरायचं नसे. त्याने म्हणे एकदा वाघाला तंबाखू मागितली होती.

“बरं, खांदा म्हणजे किती मिनिटं?” मनोजने विचारलं.

“कोन उचलतंय त्यावर हाय. दिवाळीआधी पोरं वाडीत आसतात, तवा सात. दिवाळी झाली की समदी वीटभट्टीवर. मंग म्हातारी, बाया नि दवाखान्याच्या जीपवरची दोन मानसं. तवा किती, ते कुनी मोजलंय? सतरा धर. नायतर धरूच नको.”

मनोज पाटील चाफेवळे ग्रामपंचायतीत संगणक चालवायचा. अकरा वर्षं झाली, अजून कंत्राटावरच. दाखले, उतारे, जन्म, मृत्यू, आणि वरून येईल तो तक्ता. भरून झाला की तो पाठवायचा, पाठवला की पुढचा. या वेळचा तक्ता मोठा होता : गावाचा ‘सुखांक’. एकेचाळीस प्रश्न. प्रत्येक उत्तराचे शंभरपैकी गुण, प्रत्येक गुणाला त्याचं वजन, सगळ्यांची बेरीज, आणि शेवटी सगळ्या गावाचा मिळून एकच आकडा.

त्याने प्रश्नापुढच्या उत्तराच्या चौकोनाकडे पाहिलं. सात लिहिलं तर संगणक सात मिनिटं समजणार. सतरा लिहिलं तरी खोटंच. चाळीस, साठ, नव्वद, सगळंच अंदाजपंचे. मनोजच्या हातून खोटा आकडा जात नसे. त्याच्या नोकरीत त्याला एवढीच काय ती चैन होती. त्याने चौकोन रिकामा ठेवला.

“लिवलंस?”

“ठेवलंय, मावशी. खोटं लिहिण्यापेक्षा रिकामं बरं.”

“बरं केलंस,” ठमी म्हणाली आणि गुडघ्यावर हात टेकून उठली.

*

डिसेंबरात निकाल लागला. चाफेवळे पहिलं! सुखांक ब्याऐंशी.

गाव पहिलं यायला कारण होतं. शेलूकडून सरकत सरकत उंच इमारती चार वर्षांपूर्वी चाफेवळ्याच्या माळावर आल्या होत्या. नऊशे घरं. त्यांची उंची इतकी, की वरच्या मजल्यावरचा माणूस खिडकीतून हात काढून माथेरानच्या माकडांची पाठ खाजवतो म्हणतात. तिथे माणसांपेक्षा संडास जास्त आणि संडासांपेक्षा नळ जास्त. इंटरनेटचं विचाराल तर ते तक्त्यात तीन ठिकाणी मोजलं होतं : शिक्षणात एकदा, सोयीसुविधांत एकदा, कारभारात एकदा. एकाच म्हशीचं दूध तीन रतीबांना घालावं तसं. आणि आजारी माणूस रस्त्याला येण्याला वजन होतं शंभरात दोन.

सत्काराला मांडव घातला. सरपंच संध्याताई कोऱ्या साडीत अवघडून बसल्या होत्या. ठमीलाही पुढच्या रांगेत बसवलं, वाडीची स्वयंसेविका म्हणून नारळ दिला. पोशा मागे उभा राहून शेजाऱ्याला सांगत होता, “आपलं गाव पयलं आलं म्हंजे बाकीची कुटं आसतील, त्याचा इचार करून माला रडू येतंय.”

आठ दिवसांनी पत्र आलं. साकवाजवळ जी दवाखान्याची जीप उभी असे, ती मागास गावांना द्यायची होती. चाफेवळ्याचा सुखांक आता वरचा, तेव्हा तिथे गरज नाही. जीप खालापूरच्या बाजूला, चौक बाजारपेठेच्याही पलीकडे एका गावाला जाणार होती. त्या गावचा सुखांक एकतीस. म्हणजे त्यांचीही काही चूक नव्हती.

आता जीप म्हणजे नुसती जीप नव्हे. जीपबरोबर गजा ड्रायव्हर, आणि डोली उचलायला ठेवलेली दोन तगडी माणसं. दिवाळीनंतर बिबवाडीला जे काही खांदे होते, ते हेच.

पत्राची बातमी ऐकून ठमी त्याच दिवशी उतरली. या वेळी फरशीवरही बसली नाही.

“मनोज, आमची जीप का नेतात रं?”

“आपला नंबर पहिला आला ना, मावशी.”

“आपला म्हंजे कुनाचा?”

“पंचायतीचा. सगळ्यांचं मिळून. ते खालच्या इमारती, गावठाण, तुमची वाडी... सगळं एकत्र करून सरासरी काढतात.”

ठमीने खिडकीतून इमारतींकडे हात केला. “खालच्यानं ढेकर दिली तर आमचं प्वाट भरंल काय रं?”

मनोज हसला, आणि लगेच त्याला वाटलं आपण हसायला नको होतं.

ती गेल्यावर त्याने तक्ता पुन्हा उघडला. आपण एक चौकोन रिकामा ठेवला होता, निदान तो कुणाच्या तरी नजरेला खुपला असेल, असं त्याला वाटत होतं. चौकोन रिकामा नव्हता. तिथे अकरा होते. बिबवाडी ते रस्ता, अकरा मिनिटं.

त्याने तालुक्याला फोन लावला. तिथल्या अपेक्षा मॅडम चांगल्या होत्या, ओरडायच्या नाहीत.

“अहो पाटील, रिकामं राहिलं तर बेरीज होत नाही. म्हणून सिस्टीम आपोआप भरते. तुमच्याच पंचायतीतल्या बाकी वस्त्यांची सरासरी घेते.”

“बाकी वस्त्या रस्त्यावर आहेत, मॅडम. ही डोंगरात आहे. म्हणून तर रिकामं होतं.”

“मग तेव्हा काहीतरी आकडा टाकायचा ना.”

मनोजने पडद्यावरचे अकरा खोडून पाहिले. खोडले जाईनात.

“आता पुढच्या वर्षी खिडकी उघडेल, तेव्हा दुरुस्त करा,” त्या म्हणाल्या. “आणि अभिनंदन हं!”

त्या संध्याकाळी त्याने स्वतः कागदावर हिशोब मांडला. तेच एकेचाळीस प्रश्न, तीच वजनं, फक्त एकट्या बिबवाडीचे. इमारती बाजूला काढल्या. उत्तर आलं एकोणीस. ज्या गावाला जीप दिली, त्याच्याही खाली. त्याने तो कागद स्वच्छ अक्षरात लिहिला, संध्याताईंची सही घेतली आणि पाठवला. तिसऱ्या आठवड्यात उत्तर आलं : वाडीनिहाय सुखांक काढण्याची तरतूद नाही.

*

जानेवारीच्या शेवटाला, सकाळी दहाच्या सुमाराला ठमीचा फोन आला. वाडीच्या वर एका कातळावर चढलं तरच फोन लागायचा. तिला धाप लागली होती.

“मनोज, माज्या दादल्याला फुरसं डसलंय रं.”

“कधी?”

“काल सांजंला, लाकडं काढताना. बोलला नाय. काटा लागला म्हनला. आता हिरड्यांतनं रगत येतंय. पाय भोपळ्यागत झालाय.”

“मावशी, झोळी बांधा नि निघा. मी आलोच.”

त्याने गजाला फोन केला. गजाच्या मागे हॉर्न वाजत होते.

“आरं मी चौकच्या फुडं हाय! बाळंतीन हाय गाडीत. तिला सोडून येतो म्हनलं तरी दोन तास. मनोज, वाडीत उचलायला कोन हाय?”

“कुणी नाही.”

“मंग तू काय करतोस हापिसात? पळ की!”

मनोज पळाला. शिपाई विकासचा टेंपो होता, तो साकवापर्यंत नेला. तिथून दोघं चढायला लागले. विकास चाळिशीचा, पोट सुटलेला. मनोज अकरा वर्षं खुर्चीत बसलेला. पहिल्याच चढाला दोघांच्या छातीचा भाता झाला.

अर्ध्यापेक्षा बऱ्याच वर झोळी दिसली. पुढचं टोक ठमीच्या खांद्यावर, मागचं शेजारच्या कोंडीच्या. कोंडी साठीची. दोघींच्या मागे एक म्हातारा नुसताच हात जोडून चालत होता. त्याला उचलणं जमत नव्हतं आणि घरी थांबवत नव्हतं. वीस पावलं चालायच्या, झोळी खाली टेकायच्या, पुन्हा उचलायच्या.

“आला रं,” ठमी म्हणाली.

मनोजने पुढचा बांबू घेतला, विकासने मागचा. पोशा हाडांचा सापळा होता, त्याचं वजन ते काय असणार. पण बांबू हाडावर बसला आणि शंभर पावलांत मनोजचा खांदा कुणीतरी कापून नेल्यासारखा झाला. उतारावर झोळी पुढे ढकलत होती. चपला सटकत होत्या. त्याने त्या काढून फेकल्या.

“मनोजसायेब,” झोळीतून आवाज आला.

“बोलू नका, बाबा.”

“आरं, बोलू दे. माला उचलायला पंचायत आली. पयल्या नंबराच्या गावात राह्यचा फायदा हाय बग.” पोशा हसला असावा, कारण मग खोकला आला आणि घोंगडीच्या कडेवर लाल ठिपके पडले.

खांदा बदलायला मागे कुणी नव्हतं. म्हणून ते बदलत नव्हते, फक्त टेकत होते. आधी शंभर पावलांनी, मग साठ, मग तीस. टेकलं की ठमी पोशाच्या ओठांवरून पदर फिरवायची आणि म्हणायची, “उचला.” आवाज चढवून नाही, भात रटरटत असताना पोराला चुलीपासून लांब हो म्हणावं, तसं.

“किती राह्यलं?” विकासने विचारलं.

“आलंच,” ठमी म्हणाली. ते खरं नव्हतं.

एका मोहाच्या झाडाखाली पुन्हा टेकले. पोशा डोळे उघडे ठेवून वर बघत होता. “ठमे,” तो म्हणाला, “त्या वाघाचं मी खोटं सांगितलं गं.”

“माला ठाव हाय.”

“तंबाखू त्यानं मागितली हुती.”

ठमीने पदर फिरवला. “उचला,” ती म्हणाली.

त्यांनी उचललं. दोन वळणं उतरले. खाली साकव दिसायला लागला, साकवाजवळ विकासचा पांढरा टेंपो दिसायला लागला, आणि त्याच्या पलीकडे, धुरकट उन्हात, चाफेवळ्याच्या इमारती. मनोजने दात आवळून पावलं मोजायला सुरुवात केली. चाळीसच्या पुढे त्याला झोळी एकदम शांत झाल्यासारखी वाटली. तो थांबला नाही. उलट जोरात चालायला लागला.

“मनोज,” ठमी मागून म्हणाली.

तो चालत राहिला.

“मनोज, आरं टेक.”

त्यांनी टेकलं. ठमीने नाकाशी हात धरला. मग छातीवर. मग बराच वेळ नुसताच दंडावर ठेवला. कोंडीने तोंडात पदर कोंबला. म्हातारा तसाच हात जोडून उभा होता.

विकासने घाम पुसला. “मावशी, खाली तर न्यायला पायजेल. डॉक्टरचा कागद लागंल. पंचनामा लागंल. त्याशिवाय पुढचं काय मिळनार नाय.”

“काय मिळायचं हाय?” ठमीने विचारलं. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं असं वाटलं.

मनोज खाली मातीत बसला होता. “मावशी,” तो म्हणाला, “तो चौकोन मी रिकामा ठेवला होता. मी अकरा लिहिलं नव्हतं. आईची शपथ.”

ठमीला यातलं काय कळलं कोण जाणे. तिने त्याच्या खांद्याकडे पाहिलं. सदरा फाटून कातडी सोलली होती. तिने कमरेची चंची सोडली, त्यातला कापडाचा तुकडा काढून दुहेरी घडी केली आणि बांबू जिथे टेकायचा तिथे त्याच्या सदऱ्याच्या आत सारला.

“वर न्यायचा त्याला,” ती म्हणाली. “पोरांना भट्टीवर निरोप धाडते. येतील ती. तवर घरात राहील.”

त्यांनी झोळी वळवली. आता चढ होता. मनोजने बांबू उचलला आणि सवयीने झपाझप पाय टाकायला लागला. धापा टाकत, मान खाली घालून, पायाखालचं न बघता.

“हळू रं,” ठमी म्हणाली. “आता कशाची घाई हाय?”

ती झोळीच्या पुढे झाली. मनोजचे पाय अनवाणी होते. वाटेत सुटा धोंडा दिसला की ती वाकायची, उचलून कडेला ठेवायची, करवंदीची फांदी आडवी आली की हाताने मागे धरून उभी राहायची, झोळी पार होईपर्यंत. मग पुन्हा पुढे.