चौदा व्होल्टचा माज

मी मल्टिमीटर बोलतोय. पिवळा डबा, वर काच, मधोमध फिरवायचं बटण आणि पोटातून निघालेल्या दोन वायरी, एक लाल, एक काळी. वीज किती आहे ते आकड्यात सांगणं हे माझं काम. सांगून उपयोग होतो का, ते मात्र विचारू नका.

जन्म कारखान्यातला. तिथून दुकानाच्या खिळ्याला लटकलो आणि एके दिवशी या मेकॅनिकच्या हाती पडलो. एका मोठ्या मैदानाच्या कडेला पत्र्याची शेड आहे, तिथली यंत्रं हा दुरुस्त करतो. दुरुस्त कसली? आधी कान लावून ऐकतो, मग एक लाथ घालतो आणि मग छातीठोकपणे सांगतो, "बॅटरी गेली." मी याच्या वरच्या खिशात असतो, अर्धा बाहेर, लोकांना दिसावा म्हणून. वर्षात चार वेळा कामाला लावला असेल तर शपथ!

आणि लावला तरी काय दिवे लावतो? आकडा मनासारखा आला नाही की माझ्या डोक्यात टपली मारतो. बटण फिरवून पुन्हा विचारतो. अरे, ताप जास्त निघाला म्हणून थर्मामीटरला कोणी चापट मारतं का? मला हात असते तर रोज कपाळावर मारून घेतले असते.

या शेडमधलं मुख्य यंत्र म्हणजे गवत कापायची गाडी, वर बसून चालवायची. ती चालवायचे मेकॅनिकचे सासरे. वीस वर्षं एकच खुर्ची. म्हातारा मैदानावर असे पट्टे ओढायचा की लोक थांबून बघायचे. मला मात्र त्याचं कौतुक नव्हतं. आकडे कळत नाहीत, चष्मा दोरीला बांधलेला, आणि यंत्राशी बोलतो. "चल गं बाई, एवढा कोपरा घेऊ." यंत्राशी! मी मनात म्हणायचो, आता हिचं उत्तरही ऐकू येत असेल याला.

दोन महिन्यांत त्या गाडीची बॅटरी तिसऱ्यांदा मेली. मैदानाचे साहेब तरातरा शेडमध्ये आले.

"हे चावी चालू ठेवून घरी जातात. वय झालंय. दुसरं काही नाही."

"साहेब, चावी मी काढतो," सासरे म्हणाले. "काढून खिशात ठेवतो. रोज."

साहेबांनी मेकॅनिककडे पाहिलं. "तुमचा तो मीटर लावा. चार्जिंग होत असेल तर दोष यांचाच."

झालं! आली माझी वेळ. बॅटरी बदलून गाडी सुरू केली, वायरी बॅटरीला लागल्या. इंजिन जोरात चालू असताना बॅटरीवर चौदाच्या आसपास व्होल्ट दिसले की समजायचं, चार्जिंग ठीक. मी ऐटीत सांगितलं, चौदा पूर्णांक एक.

"चार्जिंग झकास आहे, साहेब," मेकॅनिक म्हणाला. मग सासऱ्यांकडे न बघता बुटाचं टोक जमिनीवर घासत राहिला.

दुसऱ्या दिवसापासून सासऱ्यांच्या हाती झाडू आला. पानं गोळा करायची. गाडी मेकॅनिकनंच चालवायची ठरली. सासरे चावी देताना एवढंच म्हणाले, "डाव्या चाकाला जपा, जावईबापू." मला हसू आलं. माणूस विसरतो, थापा मारतो, वर तोंड करून शपथाही घेतो. आकडा तसलं काही करत नाही. माझा माज असा होता.

तीन आठवडे गेले. मेकॅनिकची बायको त्याला डबा द्यायची, पण बोलायची नाही. बाप झाडू मारतोय म्हटल्यावर काय बोलणार? आणि एका सकाळी गाडी पुन्हा सुरू होईना. चावी मेकॅनिकच्याच खिशात होती. त्यानं ती तीनदा बाहेर काढून पाहिली.

तेवढ्यात सासरे झाडू घेऊन दारात आले. शेजारी दुसरी बॅटरी जोडून गाडी सुरू झाली, ती जोडणी काढली आणि मेकॅनिकनं मला बॅटरीला लावलं. मी पुन्हा ऐटीत म्हणालो, चौदा.

सासऱ्यांनी चष्मा नाकावर चढवला, वाकले. "जावईबापू, काचेच्या कोपऱ्यात हे बारकं बॅटरीचं चित्र कसलं लुकलुकतंय?"

मेकॅनिकचा चेहराच उतरला. माझाही उतरला असता, असता तर. माझ्या पोटातला सेल संपत आला होता आणि सेल संपत आला की मी आकडा वाढवून सांगतो. ती खूण कित्येक आठवडे माझ्याच अंगावर होती. मला काय, कोण बघतंय म्हणून मीही गप्प होतो. मेकॅनिकनं नवा सेल घातला. आता आकडा आला, बारा पूर्णांक एक. दोन व्होल्टची थाप मारली होती मी, आणि तिच्यापायी म्हाताऱ्याची खुर्ची गेली.

मग मात्र मेकॅनिकनं पहिल्यांदाच रीतसर काम केलं. इंजिनाच्या कॉइलचा प्लग सोडून मोजलं, तीस व्होल्ट. म्हणजे कॉइल वीज तयार करत होती, ती बॅटरीपर्यंत पोहोचत नव्हती. मधे असतो रेग्युलेटर, एक छोटी पत्र्याची पेटी. तिचं अंग गाडीच्या उघड्या लोखंडाला टेकलंच पाहिजे, नाहीतर ती मुकी. गाडी बंद करून एक वायर पेटीला आणि दुसरी बॅटरीच्या उणे टोकाला लावली. दोन्ही नीट जोडलेले असते तर मी 'पीं' म्हणायला हवं होतं. म्हणालो नाही. स्क्रू सोडले, तर खाली चकचकीत हिरवा रंग.

तीन महिन्यांपूर्वी पाहुणे येणार म्हणून साहेबांनी गाडी रंगवायला सांगितली होती. रंगवली कोणी? यानंच. पेटी काढून खालचं लोखंडसुद्धा प्रेमानं रंगवलं आणि पेटी परत वर बसवली. धन्य!

त्यानं रंग खरवडला, पेटी घट्ट बसवली, प्लग जोडला, गाडी पुन्हा सुरू केली. चौदा पूर्णांक दोन. या वेळी खरे.

साहेब आलेच. "काय निघालं?"

मला याचं उत्तर पाठ होतं. 'वायर सैल होती' म्हणेल, नाहीतर सगळं माझ्यावर ढकलून मोकळा होईल. तोंडावर पडलो मी.

"रंग मी लावला, त्यानं चार्जिंग बंद पडलं. मीटरचा सेल मी बघितला नाही, म्हणून चुकीचा आकडा सांगितला. मामा रोज चावी काढत होते, साहेब."

साहेबांनी घसा खाकरला आणि चावी सासऱ्यांना द्यायला सांगून ते निघून गेले. सॉरी म्हणायला जीभ जड झाली असेल.

सासऱ्यांनी झाडू भिंतीला टेकवला. "जावईबापू, मला चावी विसरताना तुम्ही कधी पाहिलं होतं?"

"नाही, मामा."

"मग त्या मीटरला कशाला विचारलंत?"

मेकॅनिकनं चावी त्यांच्या हातावर ठेवली. म्हातारा गाडीवर चढला आणि मैदानात निघून गेला.

हल्ली मी खिशात नसतो, शेडच्या खणात असतो. बाहेर काढला की आधी माझा कोपरा बघतात. अपमानच तो, पण गुमान सोसतो. तुमच्याकडेही माझा कोणी भाऊबंद असेल, तर एक सांगतो. त्याला जरूर विचारा, पण मागून. वीस वर्षं जो त्या खुर्चीवर बसलाय, त्याला आधी विचारा.